लेलंड स्टॅन्फर्डची चरित्रे: रोजकीर्द आणि खतावणी

व्यापाऱ्याच्या पेढीवर चार दिवस बसलेल्या माणसास रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने उतरतात. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खाती जातात, आणि कोण कोणाचे किती देणे लागतो हे तेव्हा कळते. थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना आम्हांस या दोन वह्यांची वारंवार आठवण होते. बहुतेक चरित्रकार रोजकीर्द सुरेख लिहितात. बालपण, विद्याभ्यास, उद्योग, अधिकार, दानधर्म आणि मृत्यू असे भाग पडतात, प्रत्येक भागास स्वतंत्र प्रकरण मिळते, आणि एका प्रकरणातील रक्कम दुसऱ्या प्रकरणात कोणाच्या नावे पडली हे विचारण्याचे वाचकास सुचत नाही. प्रस्तुत लेखात लेलंड स्टॅन्फर्ड या अमेरिकन गृहस्थाच्या चरित्रांविषयी आम्ही लिहीत आहो, ते या एका दृष्टीने.

स्टॅन्फर्ड हे नाव आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांस परके नाही. कॅलिफोर्नियातील त्या नावाच्या विद्यापीठात मुलास प्रवेश मिळाला तर घरात पेढे वाटले जातात. विद्यापीठाच्या संस्थापकाविषयी मात्र आपली माहिती बहुधा एका गोष्टीपुरती असते: साध्या वेषातील एक वृद्ध दांपत्य मृत मुलाच्या स्मरणार्थ काही करावे म्हणून हार्वर्डच्या अध्यक्षांकडे गेले, त्यांचा तेथे उपमर्द झाला, आणि त्यांनी आपलेच विद्यापीठ काढले. ही गोष्ट खरी नाही. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी त्या दांपत्यास भेट दिली व विद्यापीठास लागणाऱ्या द्रव्याविषयी सल्लाही दिला. शिवाय साधा वेष घालून कोणाच्या दारी उपेक्षित उभे राहण्याचा काळ स्टॅन्फर्डच्या आयुष्यातून केव्हाच निघून गेला होता. तो तेव्हा एका मोठ्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होता, राज्याचा माजी गव्हर्नर होता, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिलवर त्याचा राजवाड्यासारखा वाडा होता. दंतकथेला दीन-दुबळा नायक आवडतो. म्हणून तिने त्या श्रीमंत माणसाच्या अंगावर जुना कोट चढविला.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. आपल्याकडील राज्यपाल नेमलेला असतो. राज्याचा कारभार मुख्यमंत्री व त्याचे मंत्रिमंडळ चालवितात. अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो, आणि कारभाराची सूत्रे प्रत्यक्ष त्याच्या हाती असतात. विधेयकावर सही करणे किंवा ते परत पाठविणे, न्यायासनावरील रिकाम्या जागा भरणे, राज्याच्या तिजोरीवर लक्ष ठेवणे ही त्याची कामे होत. व्यापारी मनुष्य अशा खुर्चीवर बसला म्हणजे काय होते, हा प्रश्न म्हणूनच शोभेचा राहत नाही.

स्टॅन्फर्डच्या आयुष्याची रूपरेषा अशी आहे. जन्म १८२४ साली न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनीजवळ. वकिलीचा अभ्यास करून त्याने विस्कॉन्सिनमधील पोर्ट वॉशिंग्टन येथे धंदा मांडला आणि १८५० साली जेन लॅथ्रॉप हिच्याशी विवाह केला. १८५२ साली आगीत त्याची कायद्याची पुस्तके जळाली. भाऊ आधीच कॅलिफोर्नियात गेले होते. त्यांच्या मागोमाग तोही गेला. सोने खणणाऱ्यांच्या गर्दीत त्याने कुदळ घेतली नाही, खणणाऱ्यांस लागणारा माल विकण्याचे दुकान घातले. डोंगरातील खाणवस्तीतून तो सॅक्रामेंटो येथे आला आणि तेथे घाऊक व्यापारात स्थिरावला. रिपब्लिकन पक्ष त्या राज्यात तेव्हा नवा व दुबळा होता. १८५९ साली गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत स्टॅन्फर्ड सपाटून पडला. १८६१ साली डेमोक्रॅटिक पक्षात फूट पडली तेव्हा तोच निवडून आला.

त्याच १८६१ सालच्या जून महिन्यात सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीची नोंदणी झाली होती. सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून लोहमार्ग नेता येईल असे थिओडोर जुडा नावाचा एक इंजिनियर अनेक वर्षे सांगत होता. त्याला भांडवल देण्यास सॅक्रामेंटोचे चार व्यापारी पुढे आले: लोखंडी सामानाच्या दुकानाचे भागीदार कॉलिस हंटिंग्टन व मार्क हॉपकिन्स, कापडाचा व्यापारी चार्ल्स क्रॉकर, आणि स्टॅन्फर्ड. कंपनीचे अध्यक्षपद स्टॅन्फर्डकडे आले. म्हणजे १० जानेवारी १८६२ रोजी त्याने गव्हर्नरपदाची शपथ घेतली तेव्हा तो रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होता, आणि शपथ घेतल्यावरही तो अध्यक्षच राहिला. त्या दिवशी सॅक्रामेंटो शहर महापुरात बुडाले होते. नवे गव्हर्नरसाहेब होडीत बसून समारंभास गेले. हा प्रसंग प्रत्येक चरित्रात आहे, आणि तो आहेही चित्ताकर्षक. परंतु होडीपेक्षा त्या होडीतील माणसाच्या दोन पदांकडे लक्ष जावयास हवे होते.

आता चरित्रांकडे वळू. विद्यापीठाचे ग्रंथपाल राहिलेले जॉर्ज क्लार्क यांनी १९३१ साली लिहिलेले चरित्र विद्यापीठाच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच 'युद्धकालीन गव्हर्नर, रेल्वेचा निर्माता, विद्यापीठाचा संस्थापक' अशी तीन बिरुदे एकापुढे एक मांडली आहेत. ऑस्कर लुईस यांचे 'द बिग फोर' हे १९३८ साली आले. त्यात चौघा भागीदारांची चित्रे एकत्र आहेत, आणि रंग भडक आहेत. नॉर्मन टुटोरो यांनी १९७१ साली 'मॅन ऑफ मेनी करिअर्स' म्हणजे 'अनेक कारकिर्दींचा पुरुष' या उपपदाने एक ग्रंथ लिहिला, आणि २००४ साली 'द गव्हर्नर' या नावाने दोन खंडांचे विस्तृत चरित्र सिद्ध केले. २०१९ साली रोलंड डी वुल्क यांचे चरित्र निघाले; त्याच्या नावात 'स्कँडलस' हा शब्द आहे, म्हणजे पारडे दुसऱ्या बाजूस गेले.

या ग्रंथांपैकी टुटोरो यांचा व्यासंग निर्विवाद आहे. दोन खंड भरतील इतकी माहिती जमविण्यास लागणारी चिकाटी आम्ही कमी लेखीत नाही. पण 'अनेक कारकिर्दींचा पुरुष' ही कल्पनाच आमच्या मते चरित्रकारास चकविणारी आहे. व्यापार ही एक कारकीर्द, गव्हर्नरपद दुसरी, रेल्वे तिसरी, सेनेट चौथी, विद्यापीठ पाचवी, अशी वाटणी केली की प्रत्येक कारकीर्द आपापल्या प्रकरणात निर्दोष दिसू लागते. वस्तुतः ही वाटणी प्रथम स्टॅन्फर्डनेच केली होती. गव्हर्नर म्हणून आपण राज्याचे हित पाहतो आणि अध्यक्ष म्हणून कंपनीचे, आणि दोन्ही हिते एकच असल्यामुळे तंटा उद्भवत नाही, अशा समजुतीवर तो चालला. नायकाच्या बचावाचा मुद्दाच चरित्रकाराने ग्रंथाची अनुक्रमणिका म्हणून स्वीकारावा, हा या वाङ्मयातील मूळ दोष होय.

प्रथम १८६२ व १८६३ ही दोन वर्षे घेऊ. १ जुलै १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने कंपनीस दर मैलामागे जमीन मिळावयाची होती आणि सरकारी कर्जरोखे मिळावयाचे होते: सपाट प्रदेशात मैलास १६,००० डॉलर, पर्वतात ४८,००० डॉलर, मधल्या पठारावर ३२,००० डॉलर. तेव्हा पर्वत कोठे सुरू होतो, या प्रश्नास तिप्पट किंमत आली. राज्याचा भूगर्भशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी याने मातीच्या प्रकारावरून असा निर्वाळा दिला की सिएराचा पायथा सॅक्रामेंटोपासून अवघ्या ७ मैलांवर, आर्केड नावाच्या ओढ्यापाशी सुरू होतो. डोळ्यांनी पाहणाऱ्यास तेथे सपाट रानाखेरीज काही दिसत नाही. लिंकन यांनी तो निर्वाळा मान्य केला. मत देणारा शास्त्रज्ञ राज्याच्या नोकरीत, त्या राज्याचा गव्हर्नर स्टॅन्फर्ड, आणि मतामुळे ज्या कंपनीस लाभ व्हावयाचा तिचा अध्यक्षही स्टॅन्फर्ड. व्हिटनीने लाच घेतली असे आमचे म्हणणे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. आपल्या मताने कोणास आनंद होईल हे ज्यास ठाऊक आहे, त्या नोकरास वेगळी लाच द्यावी लागत नाही.

पुढे ८ जानेवारी १८६३ रोजी सॅक्रामेंटोच्या नदीकाठी रेल्वेच्या कामाचा मुहूर्त झाला. पहिले फावडे मारण्याचा मान राज्याच्या प्रथम नागरिकास म्हणून गव्हर्नरास मिळाला. आपल्याच कंपनीच्या मुहूर्ताला आपणच राज्यातर्फे शोभा आणणारा हा पुरुष पाहून जमलेल्या मंडळीस काही विपरीत वाटल्याचे दिसत नाही. त्याच वर्षी विधिमंडळाने प्लेसर, सॅक्रामेंटो व सॅन फ्रान्सिस्को येथील जनतेच्या पैशाने कंपनीचे भाग घेण्यास परवानगी देणारे कायदे केले, आणि त्यांवर गव्हर्नर म्हणून स्टॅन्फर्डने सही केली. सॅन फ्रान्सिस्कोचा आकडा सहा लाख डॉलरांचा होता. तेथे त्यासाठी मतदान झाले तेव्हा गव्हर्नरच्या भावाने मतदारांत सोन्याची नाणी उधळल्याचा आरोप झाला. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि अखेर शहराने भाग न घेता चार लाखांचे रोखे देऊन आपली सुटका करून घेतली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी झाली, तीवर गव्हर्नरने एडविन क्रॉकर यास नेमले. हा भागीदार चार्ल्स क्रॉकरचा भाऊ. न्यायासनावरून उतरल्यावर तो कंपनीचा वकील झाला. आणि पहिल्या १८ मैलांचे कंत्राट कोणास मिळाले? चार्ल्स क्रॉकरच्या पेढीस. ज्याच्या कल्पनेतून हा मार्ग निघाला तो जुडा या व्यवहारांस विटला आणि भागीदारांच्या हातून कंपनी सोडवून घेण्यासाठी पूर्वेकडे निघाला. वाटेत पनामात त्याला पिवळा ताप जडला आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये न्यूयॉर्क येथे तो वारला.

रोजकीर्दीत या सर्व नोंदी आहेत. क्लार्क-टुटोरोंपासून त्या लपलेल्या नाहीत. परंतु काही नोंदी 'गव्हर्नर' या प्रकरणात, काही 'रेल्वे' या प्रकरणात, आणि जुडाचा मृत्यू आणखी कोठे, अशी त्यांची पांगापांग झाली की वाचकाच्या मनात बेरीज होत नाही.

दुसरा विषय चिनी मजुरांचा. आमच्या मते तो या चरित्राची खरी कसोटी आहे. गव्हर्नर म्हणून केलेल्या पहिल्याच भाषणात स्टॅन्फर्डने चिनी लोकांस हीन म्हणून हिणविले, आणि त्यांचे येणे सर्व कायदेशीर उपायांनी थांबविले पाहिजे असे प्रतिपादन केले. १८६२ च्या एप्रिल महिन्यात गोऱ्या मजुरांच्या रक्षणार्थ म्हणून एक कायदा झाला. त्याने बहुसंख्य चिनी रहिवाशांवर दरमहा अडीच डॉलरांचा कर बसविला. त्यावर सही स्टॅन्फर्डची. पुढील वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कर घटनाबाह्य ठरविला. यानंतर थोड्याच काळात डोंगरातील कामास गोरे मजूर टिकेनात, खाणींची बातमी लागताच पळू लागले, तेव्हा कंपनीने चिनी मजूर घेतले. ते इतके उपयोगी पडले की त्यांची संख्या हजारांवर हजारांनी वाढत गेली, आणि काम करणाऱ्यांत त्यांचाच भरणा झाला. १८६५ साली स्टॅन्फर्डने अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांस कंपनीतर्फे जो वृत्तांत पाठविला, त्यात हेच लोक शांत, सोशिक, उद्योगी व काटकसरी असल्याची ग्वाही दिली आहे.

कोणी म्हणेल की माणसाचे मत अनुभवाने बदलले, आणि हे त्यास भूषणावहच आहे. आम्हीही तसे म्हटले असते, परंतु १८६७ चा जून महिना आड येतो. डोंगरमाथ्यावर १,६५९ फूट लांबीचा बोगदा कठीण दगडातून बारूद आणि नायट्रोग्लिसरिन यांच्या साह्याने खोदला जात होता. हजारो चिनी मजुरांनी काम थांबविले. त्यांचे मागणे महिना चाळीस डॉलर आणि कामाचे तास कमी, इतकेच होते. त्यांनी दंगा केला नाही, कोणावर हात उचलला नाही. चार्ल्स क्रॉकरने त्यांच्या तळांवर जाणारे धान्य बंद केले आणि आठवड्यात संप मोडला. ज्यांच्या शांतपणाची व सोशिकपणाची प्रशस्ती अध्यक्ष स्टॅन्फर्डने लिहिली होती, त्यांच्या त्याच गुणांचा कंपनीने उपयोग कसा केला तो असा. १८६२ च्या भाषणातील तुच्छता आणि १८६५ च्या वृत्तांतातील स्तुती ही परस्परविरुद्ध मते नाहीत; दोन्ही ठिकाणी चिनी मनुष्य हा मोजण्याचा जिन्नस आहे, फक्त पहिल्या वेळी तो खर्चाच्या बाजूस होता आणि दुसऱ्या वेळी जमेच्या.

१० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमॉन्टरी येथे पूर्व व पश्चिमेचे लोहमार्ग जोडले गेले. सोन्याचा खिळा स्टॅन्फर्डच्या हस्ते बसविण्यात आला. शेवटचा घाव घालताना त्याचा नेम चुकला अशी आख्यायिका आहे, आणि चरित्रकार ती हसत हसत सांगतात. त्या समारंभाचे जे प्रसिद्ध छायाचित्र आहे त्यात इंजिने आहेत, हस्तांदोलन आहे, बाटल्या आहेत; चिनी मजूर शोधूनही दिसत नाहीत. कामावर किती मेले याची यादी कंपनीने ठेविली नाही. त्या हजारो मजुरांपैकी एकाचेही पत्र किंवा टिपण आजवर संशोधकांच्या हाती लागलेले नाही. गॉर्डन चँग यांनी 'घोस्ट्स ऑफ गोल्ड माउंटन' या २०१९ च्या ग्रंथात पगारपत्रके, जुने तळ, वृत्तपत्रे, वंशजांच्या आठवणी यांवरून त्यांचा इतिहास उभा केला आहे. चँग हे स्टॅन्फर्ड विद्यापीठातच प्राध्यापक, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्टॅन्फर्डच्या सर्व चरित्रांत मिळून जे खाते उघडले गेले नव्हते, ते या एका ग्रंथाने उघडले.

व्यापाऱ्याच्या चरित्रात त्याच्या वह्या हे मुख्य साधन. येथे तेच हरपले आहे. रेल्वेचे पुढील बांधकाम 'कॉन्ट्रॅक्ट अँड फायनान्स कंपनी' या संस्थेकडे होते, आणि ती संस्था याच चौघांची होती. म्हणजे कंत्राट देणारे व घेणारे तेच. १८८७ साली सरकारी चौकशी समितीने त्या संस्थेच्या वह्या मागितल्या तेव्हा त्या नाहीशा झाल्याचे आढळले. स्टॅन्फर्ड तेव्हा सेनेटर होता. विधिमंडळांवर वजन पाडण्यासाठी पैसा खर्च झाला काय, या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचे त्याने नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्याचा नकार ग्राह्य धरला. निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांत स्टीफन फील्ड व लोरेन्झो सॉयर हे दोघे होते. दोघेही स्टॅन्फर्डच्या विद्यापीठाच्या पहिल्या विश्वस्तमंडळावर होते. सॉयर तर त्या मंडळाचा अध्यक्ष होता. कायद्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेल. पण 'विद्यापीठ' या प्रकरणात विश्वस्तांची नावे भक्तिभावाने वाचलेल्या वाचकास ती 'चौकशी' या प्रकरणात पुन्हा भेटली पाहिजेत. ती भेट घडविणे हेच चरित्रकाराचे काम होय.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही स्टॅन्फर्डला केवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करीत आहो. तसे नाही. यादवी युद्धाच्या काळात त्याने कॅलिफोर्निया राज्य संघराज्याच्या बाजूस घट्ट राखले. शिक्षकांच्या शिक्षणासाठी राज्याची पहिली शाळा त्याच्याच कारकिर्दीत १८६२ साली निघाली. ज्या काळी पर्वत ओलांडणारी रेल्वे ही पुष्कळांस वेडगळ कल्पना वाटत होती, त्या काळी त्याने व त्याच्या भागीदारांनी आपली दुकाने पणास लाविली. मार्ग फसता तर ते बुडाले असते. त्याला निव्वळ लोभी म्हणणारा मनुष्य घोड्यांच्या छायाचित्रांची हकीगत कशी सांगेल? धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात काय, या प्रश्नाच्या नादाने त्याने एडवर्ड मायब्रिजच्या प्रयोगांवर द्रव्य खर्च केले, आणि १८७८ च्या त्या प्रयोगांतून पुढे चलच्चित्राची वाट निघाली. अर्थात येथेही खतावणी केलेली बरी. त्या चित्रांवरून १८८२ साली जो ग्रंथ निघाला त्याच्या मुखपृष्ठावर मायब्रिजचे नाव नव्हते. त्याने दावा लाविला, तो हरला.

सेनेटर झाल्यावर त्याने मांडलेले विचार तर आश्चर्य वाटावे असे आहेत. मजुरांनी सहकारी संस्था स्थापून आपल्या श्रमाचे धनी स्वतःच व्हावे, यासाठी त्याने विधेयक आणले. शेतकऱ्यांस जमिनीच्या तारणावर सरकारने हलक्या व्याजाने कर्ज द्यावे, असेही विधेयक आणले. विद्यापीठातही सहकाराचे शिक्षण मिळावे अशी त्याची इच्छा होती. १८६७ साली ज्यांचे धान्य कंपनीने तोडले त्यांच्या मालकाचेच हे विचार आहेत. हे ढोंग होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. सुखवस्तू उतारवयात मनुष्यास न्याय्य जगाची चित्रे मनापासून दिसू लागतात. त्या चित्रांचा आपल्या गतायुष्यावर काय हक्क पोचतो, एवढाच प्रश्न तो स्वतःस विचारीत नाही. चरित्रकाराने तो त्याच्या वतीने विचारावयास हवा होता. टुटोरो विचारीत नाहीत. डी वुल्क यांनी बदनामीचा शब्द ग्रंथाच्या कपाळावर आधीच लिहिल्यामुळे विचारण्यासारखे काही उरले आहे असे वाचकास वाटत नाही.

आता विद्यापीठ. लग्नानंतर अठरा वर्षांनी, १८६८ साली, त्या दांपत्यास एकुलता एक मुलगा झाला. १३ मार्च १८८४ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने तो गेला. सोळावे वर्ष पुरे होण्यास दोन महिने होते. यापुढे कॅलिफोर्नियाची मुले तीच आपली मुले, असे बापाने म्हटल्याचे सांगतात. या दुःखापुढे आमची खतावणी मिटते, आणि मिटावी. नोव्हेंबर १८८५ मध्ये दानपत्र झाले. १ ऑक्टोबर १८९१ रोजी विद्यापीठ उघडले. मुले व मुली दोघांस प्रवेश, कोणत्याही पंथाचे बंधन नाही, आणि आरंभी शिक्षणाची फीदेखील नाही. हे दान खरे होते आणि मोठे होते.

परंतु दानाच्या क्षणी मिटलेली वही लोकांनी पुन्हा उघडली. २१ जून १८९३ रोजी स्टॅन्फर्ड वारला. सरकारी कर्जरोख्यांची रक्कम कंपनीने अजून फेडावयाची होती. भागधारकाच्या वाट्यास येणारे म्हणून दीड कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा दावा केंद्र सरकारने त्याच्या इस्टेटीवर लाविला. इस्टेट अडकून पडली, विद्यापीठ बंद पडण्याची पाळी आली, आणि जेनने घरखर्चास मिळणाऱ्या पैशातून प्राध्यापकांचे पगार भागविले. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की कंपनीच्या या कर्जास भागधारक व्यक्तिशः जबाबदार नाहीत. विद्यापीठ वाचले. ते वाचले याचा आनंद आम्हांसही आहे. तथापि ज्या द्रव्याने ते उभे राहिले त्यावर जनतेचा काही हक्क होता काय, हा प्रश्न त्या काळच्या सरकारनेच विचारला होता, आजच्या टीकाकारांनी तो नव्याने काढलेला नाही, हे विसरता कामा नये.

पुढे १९०० साली एडवर्ड रॉस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकास जेनच्या आग्रहावरून विद्यापीठ सोडावे लागले. त्याने शहरातील ट्रामगाड्या सार्वजनिक मालकीच्या असाव्यात असे म्हटले होते, आणि आशियातून येणाऱ्या मजुरांविरुद्ध अत्यंत कडवट भाषण केले होते. विचारस्वातंत्र्याच्या बाजूने अमेरिकेत गहजब झाला, तो योग्यच होता. पण रॉसच्या भाषणातील दुसरा भाग ऐकून १८६२ च्या जानेवारीतील गव्हर्नरचे भाषण कोणास आठवले असेल काय? बोलणारा गव्हर्नर असताना जे भाषण चरित्रातील एक ओळ झाले, तेच प्राध्यापकाने केले तेव्हा त्याची नोकरी गेली. रॉसची बाजू आम्ही घेत नाही. परंतु या दोन प्रसंगांतील अंतर सांगितल्यावाचून त्या घराण्याचा इतिहास पुरा होत नाही.

स्टॅन्फर्ड मरेपर्यंत लोक त्यास 'गव्हर्नर' म्हणूनच हाक मारीत, जरी ते पद त्याच्याकडे जेमतेम दोन वर्षे होते. टुटोरो यांनीही आपल्या मोठ्या ग्रंथास तेच नाव दिले. आमच्या मते त्या नावाची निवड अचूक आहे, मात्र त्यांच्या मनात होती त्याहून निराळ्या कारणाने. ती दोन वर्षे बाजूला काढली तर पुढचा रेल्वेपती, सेनेटर, दाता, यांपैकी कोणीही उभा राहत नाही. जनतेचे रोखे, शास्त्रज्ञाचा निर्वाळा, न्यायासनावरची नेमणूक, चिनी माणसाची किंमत, या सर्व खात्यांची पहिली नोंद त्या दोन वर्षांत पडली आहे.

आपल्याकडेही उद्योगपतींची चरित्रे आता पुष्कळ निघू लागली आहेत, आणि त्यांत शाळा, धर्मशाळा, इस्पितळे यांची प्रकरणे शेवटी असतात. ती प्रकरणे वाचून डोळ्यांत पाणी येते, आणि पुस्तक मिटताना मागची प्रकरणे विसरली जातात. दात्याविषयी कृतज्ञ राहण्यास आमचा विरोध नाही. ज्या विद्यालयात आपली मुले शिकली त्याच्या संस्थापकाची तसबीर भिंतीवर असावी. पण त्या तसबिरीखाली बसून चरित्र लिहिणाऱ्याने शेवटच्या प्रकरणाशी पोचल्यावर एकदा मागे परतावे, आणि त्या शाळेचा पहिला दगड कोणाच्या पैशाने व कोणाच्या हातांनी रचला गेला ते लिहून मग लेखणी खाली ठेवावी. स्टॅन्फर्डचे तसे चरित्र, आमच्या मते, अजून लिहावयाचे राहिले आहे.